करिअर फेअरला जावं की नाही? (तिसरं वर्ष, रेझ्युमे जवळपास रिकामा)

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी संख्याशास्त्र घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात कॉलेजात करिअर फेअर आहे, कंपन्यांची यादी लागलीय, त्यात निम्म्याहून जास्त सॉफ्टवेअरवाल्या, काही बँका, एक-दोन विमा कंपन्या, एक औषध कंपनी आणि काही नावं मी आयुष्यात ऐकलेली नाहीत. वर्गातले सगळे जाणारेत तर तूही जा असं घरच्यांचं म्हणणं, आणि सिनियर म्हणतात तिथे काही होत नाही, लोक फुकटचे पेन आणि पिशव्या घेऊन परत येतात. माझी अडचण अशी की त्याच दिवशी दुपारी प्रॅक्टिकल आहे, इंटर्नशिप एकही केलेली नाही, मार्क ठीकठाक आहेत म्हणजे वाईट नाहीत पण कोणी थांबून बघावं असेही नाहीत, आणि अनोळखी माणसाशी स्वतःहून जाऊन बोलायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. रेझ्युमेत लिहिण्यासारखं एकच, हॉस्टेलच्या वीजवापराच्या नोंदींवर केलेला प्रोजेक्ट.

जाऊन खरंच उपयोग होतो का? की तोच वेळ रूमवर बसून ऑनलाइन अर्ज भरण्यात घालवू? ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

खिडकीतून:
माझं स्पष्ट मत, नको जाऊस. मी शेवटच्या वर्षाला असताना गेलो होतो, ज्या एका कंपनीसाठी गेलो तिच्या स्टॉलसमोर रांगेत ताटकळलो, नंबर आल्यावर समोरच्या माणसाने रेझ्युमेवर नजरही न टाकता क्यूआर कोडकडे बोट दाखवलं, 'वेबसाइटवर अप्लाय करा' म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. एवढं ऐकायला पाय दुखवायची काय गरज? मला आत्ताची नोकरी लागली ती कॉलेजच्या एका जुन्या सिनियरला मेसेज केला आणि त्याने माझं नाव पुढे केलं म्हणून. तू पण तो वेळ ओळखीपाळखी शोधण्यात घाल.

सांजवात:
खिडकीतून यांना अनुमोदन. गर्दी, गोंगाट आणि प्रत्येक स्टॉलवर तेच उत्तर.

चौकस:
थांबा जरा, आधी तिला काय हवंय ते तर विचारा. कोरीपाटी, तू लगेच नोकरी शोधतेयस, की उन्हाळ्यातली इंटर्नशिप, की संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला नेमकी कुठे कुठे कामं असतात हेच अजून माहीत नाहीये? तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत. नोकरीच हवी असेल आणि यादीतल्या कंपन्या तुझ्या विषयातल्या मुलांना घेतच नसतील तर सरळ प्रॅक्टिकल कर. पण तिसरं कारण असेल तर फेअरइतकी स्वस्तातली माहिती दुसरीकडे मिळणार नाही, कारण एरवी विमा कंपनीत बसलेल्या माणसाला 'तुम्ही दिवसभर काय करता हो' असं विचारायला तू कुठे जाणार?

कोरीपाटी:
@चौकस, खरं सांगायचं तर तिसरंच. इंटर्नशिप मिळाली तर हवीच आहे, पण विमा कंपनीत काय काम असतं आणि औषध कंपनीत काय, हे मला धड माहीत नाही. आमच्या वर्गात सगळे 'डेटा' एवढा एकच शब्द बोलतात.

टेबलापलीकडे:
धागा वाचून राहवलं नाही. मी अशा फेअरमध्ये टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, भरतीचंच काम आहे माझं आणि बरीच वर्षं करतेय. तर आमच्या बाजूने काय चालतं ते सांगते, मग तुझं तू ठरव.

पहिलं म्हणजे आलेली प्रत्येक कंपनी त्या दिवशी भरती करायला आलेली नसते. काही जणांकडे खरोखर जागा असतात, काही जण पुढच्या हंगामासाठी नाव माहीत व्हावं म्हणून येतात, तर काहींचं कॉलेजशी जुनं नातं असतं म्हणून हजेरी लावतात. यादीत बहुतेक वेळा कोणत्या शाखेची मुलं हवीत, इंटर्न की पूर्णवेळ हे लिहिलेलं असतं, नसेल तर प्लेसमेंट ऑफिसात जाऊन विचार, त्यांना माहीत असतं. एवढं एक काम केलं तरी तुझी लांबलचक यादी चार-पाच नावांवर येईल.

दुसरं, 'वेबसाइटवर अप्लाय करा' याबद्दल. खिडकीतून, तुमच्याशी त्या माणसाने जे केलं ते वाईटच, रेझ्युमेकडे बघायला हवं होतं. पण ते वाक्य म्हणजे दरवेळी कटवणं नसतं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज सिस्टिममध्ये आल्याशिवाय मला मुलाखत लावताच येत नाही, मला मुलगी कितीही आवडो. मग स्टॉलवर बोलण्याचा उपयोग काय? तर ज्यांच्याशी बोलणं चांगलं झालं त्यांच्या रेझ्युमेच्या कोपऱ्यात मी दोन-चार शब्द लिहिते, 'प्रश्न चांगले', 'प्रोजेक्ट स्वतः केलाय', असं काहीतरी, आणि संध्याकाळी तो गठ्ठा घेऊन बसते. ती नावं सिस्टिममध्ये शोधते. नाव सापडलं तर पुढे जातं, नाही सापडलं तर कागद तसाच राहतो कारण दुसऱ्या दिवशी दुसरं कॉलेज असतं. म्हणून ज्या कंपनीशी बोलायचंय तिथे अर्ज आदल्या दिवशीच भर आणि स्टॉलवर सांग की भरलाय.

तिसरं, टेबलाशी बहुधा दोन प्रकारची माणसं असतात, एक आमच्यासारखी एचआरची आणि एक प्रत्यक्ष टीममधलं. आम्हाला तारखा, अटी, प्रक्रिया विचारा. कामाबद्दलचे प्रश्न टीमवाल्याला विचारा, आणि तो बहुतेक वेळा मोकळा उभा असतो कारण मुलं सगळी एचआरकडे रांग लावतात.

वेळ म्हणाल तर सुरुवातीला जा. शेवटच्या टप्प्यात आमचा आवाज बसलेला असतो, काही जण तर आवरायलाही लागलेले असतात.

आणि तो वीजवापराचा प्रोजेक्ट काय आहे, नीट सांगशील का? एका ओळीत उरकलंस ते.

कोरीपाटी:
बापरे, हे कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई!

प्रोजेक्ट असा की हॉस्टेलच्या वीजमीटरच्या तासातासाच्या नोंदी मिळाल्या होत्या, त्यावरून पुढच्या आठवड्याचा वापर किती होईल याचा अंदाज बांधायचा होता. पण वीज गेली की मीटरची नोंद तुटायची, त्यामुळे मध्येच कितीतरी रकाने रिकामे. तिथे सरसकट सरासरी टाकून बघितली तर रात्रीचे आकडे उगाच फुगायचे, कारण दिवसाचा वापर त्यात मिसळतो. मग मागच्या आठवड्यातला तोच वार आणि तोच तास घेऊन भरलं, ते बरंच बरं जमलं. पण परीक्षेच्या आठवड्यात तेही चालत नाही, मुलं रात्रभर जागी असतात ना. बाकी मॉडेल अगदी साधं आहे, सांगण्यासारखं नाही.

टेबलापलीकडे:
हेच सांगण्यासारखं आहे! मॉडेलचं नाव सगळे सांगतात. रात्रीचे आकडे का फुगले हे ज्याने स्वतः डेटा चिवडलाय तोच सांगू शकतो. रेझ्युमेत ही गोष्ट दोन ओळींत लिही.

खिडकीतून:
ताईंचा प्रतिसाद चांगला आहे, माझ्याशी बोलणाऱ्याने यातलं काहीच केलं नव्हतं हे मात्र खरं. तरी माझा मूळ मुद्दा राहतोच, अशा फेअरमधून प्रत्यक्ष नोकरी किती जणांना लागते? कोणीतरी आकडे द्या.

आकडेमोड:
आकडे आहेत, आणि ते तुमच्या बाजूनेही आहेत आणि विरुद्धही.

इथिओपियात, अदिस अबाबाला, २०१४ च्या सुमारास संशोधकांनी हाच प्रश्न घेऊन जॉब फेअर भरवले. कोणत्या तरुणांना आणि कोणत्या कंपन्यांना बोलवायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे तुलना करता यावी. भेटीगाठी, बोलणी भरपूर झाली, पण प्रत्यक्ष नोकऱ्या लागल्या त्या आलेल्या दर १० कंपन्यांमागे एक. म्हणजे खिडकीतून म्हणतात ते बरोबर, जागेवर नोकरी जवळजवळ लागतच नाही. कारण शोधलं तर दिसलं की दोन्ही बाजूंच्या अपेक्षा वास्तवाला सोडून होत्या, नोकरी शोधणाऱ्यांना वाटत होता तेवढा पगार मिळणार नव्हता आणि कंपन्यांना वाटत होते तसे उमेदवार समोर नव्हते. फेअरनंतर मात्र दोघांनीही आपले अंदाज आणि शोधायची पद्धत बदलली, आणि त्यातल्या कमी शिकलेल्यांना पुढच्या काळात जास्त चांगल्या नोकऱ्या मिळाल्या.

फिलिपिन्सच्या ग्रामीण भागात असाच अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे फेअर परदेशातल्या नोकऱ्यांचा होता. परदेशी जाणाऱ्यांचं प्रमाण त्याने वाढलं नाही, पण फेअरला गेलेल्यांपैकी देशातच नियमित नोकरी धरणारे वाढले. म्हणजे जे विकायला ठेवलं होतं ते कोणी घेतलं नाही, पण आपल्यासाठी बाहेर काहीतरी आहे हे कळलं आणि लोक हलले.

हे दोन्ही कॉलेजातले फेअर नव्हते, त्यामुळे तंतोतंत लागू करू नका. पण मला यातून दिसतं ते असं की फेअरचा फायदा त्या दिवसाच्या संध्याकाळी मोजला तर शून्यच येणार, तो नंतरच्या दोन-तीन महिन्यांत तू कुठे अर्ज करतेस आणि त्यात काय लिहितेस यात दिसतो.

आता ओळखीचा मुद्दा. खिडकीतून, तुमचा तो सिनियर जवळचा मित्र होता की असाच तोंडओळखीचा?

खिडकीतून:
तोंडओळखच. एकदा कॉलेजच्या कार्यक्रमात बोललो होतो तेवढंच.

आकडेमोड:
तेच. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा गाजलेला निबंध यावरच आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. वरचेवर भेटणारा म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा, असे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारा ५५.६ टक्के. आणि वर्षाकाठी एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारा २७.८ टक्के. कारण उघड आहे, जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं, नवीन बातमी लांबच्या माणसाकडून येते. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त वापरकर्त्यांवर केलेल्या प्रयोगांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला, त्यातही मधल्या ओळखी, म्हणजे अगदी जवळच्याही नाहीत आणि अगदीच नावापुरत्याही नाहीत अशा, नोकरी बदलायला सगळ्यात जास्त कामी आल्या.

मग ज्या मुलीच्या घरात किंवा नात्यात या क्षेत्रातलं कोणीच नाही तिने अशा लांबच्या ओळखी करायच्या कुठे? खिडकीतून, तुम्ही कॉलेजच्या कार्यक्रमात केलीत, तिने फेअरमध्ये करावी. तुमचा अनुभव मला फेअरच्या बाजूचाच पुरावा वाटतो.

सांजवात:
हे पटलं. मी आधीचं अनुमोदन निम्मं मागे घेते. निम्मंच, कारण गोंगाट खरंच असह्य असतो.

मुखदुर्बळ:
पोटात गोळा येण्याबद्दल मी बोलतो, तो माझा विषय आहे. मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. फेअरला जाताना सगळ्यात भीती असते ती पहिल्या वाक्याची, एकदा ते बाहेर पडलं की पुढचं जमतं. मी करायचो ते सांगतो. स्टॉलवर गेल्या गेल्या बोलायला सुरुवात करायची नाही, बाजूला उभं राहून माझ्या आधीच्या मुलाचं बोलणं ऐकायचं. त्याला मिळालेल्या उत्तरातलीच एखादी गोष्ट धरून माझा प्रश्न, 'आत्ता तुम्ही म्हणालात की नवीन लोकांना सहा महिने फिरवता, ते कुठे कुठे?' असं. यात स्वतःबद्दल काही सांगावंच लागत नाही, समोरचा बोलायला लागतो, तोवर श्वास ताब्यात येतो, मग हळूच नाव, वर्ष, विषय. एका स्टॉलवर एक बाई होत्या, मी नावावरच अडकलो, त्यांनी माझा रेझ्युमे हातात घेतला आणि शांतपणे वाचत राहिल्या, मला वेळ दिला. अशी माणसं असतात, सगळी क्यूआर कोडवाली नसतात.

आणखी एक, मित्रमैत्रिणींच्या घोळक्यातून स्टॉलवर जाऊ नकोस. हॉलपर्यंत सोबत जा, आत गेलात की वेगळे व्हा. घोळक्यात जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तोच लक्षात राहतो आणि तो आपण कधीच नसतो.

ज्यांना गर्दी सहनच होत नाही त्यांनी आपल्या कॉलेजात ऑनलाइन फेअर आहे का बघावं, त्यात वेळ ठरवून एकेकट्याने बोलता येतं. मला ते जास्त मानवलं.

कोरीपाटी:
@मुखदुर्बळ, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. आधीच्याचं ऐकून विचारायचं हे मला जमेल असं वाटतंय.

प्रॅक्टिकलचं काय करू तेही सांगा कोणीतरी. मॅडम कडक आहेत, न सांगता बुडवलं तर जर्नलवर सही मिळणार नाही.

खडूफळा:
शिकवतो, म्हणून सांगतो. बुडवू नकोस, बॅच बदलून माग. आजच जाऊन भेट, आणि 'मॅडम येऊ का नको' असं मोघम विचारू नकोस, 'सकाळच्या बॅचसोबत किंवा दुसऱ्या दिवशी करू शकते का, त्या बॅचमधल्या अमक्याशी बोलणं झालंय' असा पर्याय घेऊनच जा. आमच्यासारख्यांना राग येतो तो आयत्या वेळी गायब होण्याचा. आधी सांगितलं तर बहुतेक शिक्षक वाट काढून देतात. पण प्रॅक्टिकलची परीक्षा असेल, मार्क चढणार असतील, तर फेअर सोडून दे, दुसरा फेअर येईल. आणि मॅडम नाहीच म्हणाल्या तरी सगळं संपत नाही, तू सुरुवातीच्या तासाभरात तीन स्टॉल करून प्रॅक्टिकलला पोचू शकतेस. दिवसभर तिथे राहिलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय.

दुपारचीझोप:
पहिल्या वर्षाच्या मुलांनी जावं का? रेझ्युमेच नाही आमच्याकडे.

टेबलापलीकडे:
जा की. बिनधास्त सांगायचं, पहिल्या वर्षाला आहे, फक्त समजून घ्यायला आलोय. आम्हाला आवडतं ते. फक्त समोर मोठी रांग असेल तर शेवटच्या वर्षाच्या मुलांना आधी बोलू दे, त्यांची निकड जास्त असते.

सांजवात:
कपडे काय घालावेत? सूट वगैरे लागतो का?

टेबलापलीकडे:
आमंत्रणात लिहिलं असेल तर तसं. नाहीतर स्वच्छ, इस्त्रीचे आणि दोन-तीन तास उभं राहता येईल असे. चपला-बूट नवे घालून येऊ नका.

चौकस:
एक धोक्याची सूचना, कारण कोणी लिहिलं नाहीये. फेअरमध्ये कधी कधी कोर्स विकणारेही स्टॉल टाकतात, 'हे सर्टिफिकेट करा, नोकरीची हमी' वगैरे. नोकरी देणारा पैसे मागत नाही, रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, डिपॉझिट काहीही म्हणोत. ओळखपत्राची प्रत आणि बँकेचे तपशील स्टॉलवर द्यायचेच नाहीत, ते ऑफर लेटर हातात आल्यानंतरची गोष्ट. दिसेल तो क्यूआर कोड स्कॅन करून फोन नंबर वाटत सुटलीस तर पुढे वर्षभर फोन येत राहतील, तेव्हा लिंक कुठे जातेय ते बघून मग भर.

आकडेमोड:
चौकस यांच्याशी सहमत. अजून एक, प्रत्येक स्टॉलवरून बाजूला झालीस की लगेच कोपऱ्यात उभी राहून फोनमध्ये टिपून ठेव, कोणाशी बोललीस, त्यांनी काय सांगितलं. तीन स्टॉलनंतर सगळं एकमेकांत मिसळतं. आणि दुसऱ्या दिवशी मेल करशील तेव्हा 'आपल्याला भेटून आनंद झाला' एवढंच न लिहिता त्यांनी सांगितलेली एक नेमकी गोष्ट त्यात घाल, नाहीतर त्या मेलला काही चव राहत नाही. मेल आयडी मागितला नाही तर कोणी देत नाही, तेव्हा मागायचा.

खिडकीतून:
ठीक आहे, मी माझं मत बदलतो. जा, पण रांग लावून एकाच मोठ्या नावामागे उभी राहू नकोस. ज्यांची नावं तू ऐकलेली नाहीस म्हणालीस ना, त्यांच्या स्टॉलवर आधी जा, तिथे गर्दी नसते आणि माणूस निवांत बोलतो. तोंडही मोकळं होतं. माझ्या त्या दिवशी शेजारचाच स्टॉल रिकामा होता.

कोरीपाटी:
अपडेट देते. प्लेसमेंट ऑफिसात जाऊन आले, विमा कंपनी आणि औषध कंपनी दोघांनाही संख्याशास्त्राची मुलं इंटर्न म्हणून हवी आहेत, यादीत ते लिहिलेलंच नव्हतं! बँकांना फक्त शेवटच्या वर्षाची. मॅडमनी सकाळच्या बॅचला बसायला परवानगी दिली, म्हणजे सुरुवातीला जाता येणार नाही, पण दुपारी जेवणाच्या सुमारास गर्दी कमी असते असं ऑफिसातल्या काकांनी सांगितलं. तर जायचं ठरलंय. आधी एक न ऐकलेली कंपनी, मग औषध, मग विमा. दोन्हीकडे अर्ज आज रात्री भरते.

पहिलं वाक्य लिहून ठेवलंय, बघता का? 'नमस्कार, मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मला डेटा क्षेत्रात काम करण्याची आवड आहे, आपल्या कंपनीत माझ्यासाठी काही संधी आहे का?'

टेबलापलीकडे:
हे वाक्य मी दिवसभर ऐकते गं, आणि याला माझं उत्तरही ठरलेलं असतं, 'वेबसाइटवर बघा'. संधी आहे हे तुला आता माहीतच आहे, मग विचारतेस कशाला? आवड आहे हे सांगू नकोस, मीटरचं सांग. विमावाल्यांकडे असं म्हण:

'नमस्कार, मी संख्याशास्त्र, तिसरं वर्ष. इंटर्नशिपचा अर्ज काल भरलाय. मी हॉस्टेलच्या वीजमीटरच्या नोंदींवर काम केलं, त्यात मधले कितीतरी तास रिकामे होते आणि ते कसे भरायचे यातच माझा बहुतेक वेळ गेला. तुमच्याकडे क्लेमच्या माहितीत अशा रिकाम्या जागा आल्या तर तुम्ही काय करता?'

एवढं बोलून थांब. टीममधलं कोणी समोर असेल तर पुढचं सगळं तेच बोलतील. औषध कंपनीसाठीही हेच चालेल, फक्त शेवटचा प्रश्न बदल, चाचणीतले पेशंट मध्येच यायचे बंद झाले तर त्यांच्या नोंदींचं काय करता, असं विचार. तो त्यांचा रोजचा प्रश्न आहे.